साठ किलोच्या माणसाची ऑल-माउंटन स्की

उंची १६५ सेंमी, वजन ५९ किलो, बांधा काटकुळा. स्कीबद्दल एक अक्षर लिहायच्या आधी हे सांगून टाकतो, कारण मी आजवर वाचलेल्या बहुतेक परीक्षणांत लिहिणाऱ्याने स्वतःचं वजन सांगायची तसदी घेतलेली नाही. ‘वेगात अगदी स्थिर’, ‘जराशी नाजूक’, ‘वळायला हट्टी’ असं सगळं असतं. पण कुणाच्या पायाखाली स्थिर आणि कुणाच्या पायाखाली हट्टी?

तेव्हा ऑल-माउंटन, म्हणजे विंचरलेल्या उतारापासून झाडांमधल्या मऊ बर्फापर्यंत सगळीकडे चालणाऱ्या, स्कींचं हे परीक्षण साठ किलोच्या आसपासच्या माणसाचं आहे. बऱ्यापैकी तयार, छोटी वळणं घेणारा, झाडांमधून आणि मोगल्समधून, म्हणजे उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांमधून, रमतगमत उतरणारा, वेगाचं फारसं वेड नसलेला. तुम्ही तसे नसाल तर निष्कर्ष उलटे करून वाचा, तेही उपयोगी पडतील. उलटी बाजू मांडायला माझा एक मित्र आहेच: १८५ सेंमी, ९२ किलो, ‘सरळ खाली’ पंथाचा. आम्ही दोघं शक्यतो एकाच मॉडेलच्या आपापल्या लांबीच्या जोड्या भाड्याने घेतो, दिवसभर चालवतो आणि संध्याकाळी भांडतो. बऱ्याच भांडणांनंतर लक्षात आलं की आमचं दोघांचंही खरं असतं.

कारण साधं आहे. स्कीचं टोक आणि शेपूट रुंद असतं, कंबर बारीक. तिला कडेवर झुकवलं की टोक आणि शेपूट बर्फाला टेकतात, कंबर मात्र अधांतरी राहते. ती खाली दाबली गेली की स्की कमानीसारखी वाकते आणि त्या कमानीवरून वळण घडतं. स्कीवर मीटरमध्ये त्रिज्या छापलेली असते, १५, १७, १९ वगैरे. ती फक्त आकाराची त्रिज्या. जितकं जास्त झुकाल तितकं वळण लहान होतं. साठ अंशांवर गणिताने ते निम्म्यावर येतं, पण ते स्की पूर्ण वाकली तर! आणि वाकवणार कोण? तुमचं वजन, अधिक वळताना अंगावर येणारा जोर. एकाच वेगात एकच वळण घेताना माझा मित्र स्कीवर माझ्या दीडपटीहून जास्त जोर टाकतो. ज्या स्कीला तो लीलया वाकवतो ती माझ्याखाली तशीच ताठ राहते. मग एक तर मी वेग वाढवायचा, नाही तर शेपूट ढकलत घसरत वळायचं. दोन्ही मला नको असतं.

दुकानात मात्र पहिला आणि बऱ्याचदा शेवटचा प्रश्न उंचीचा. स्की शेजारी उभी करायची, हनुवटी ते डोक्याच्या माथ्यामध्ये कुठेतरी आली की झालं. शिंप्याने नुसती उंची विचारून पँट शिवावी, तसं हे. माझ्या बाबतीत हनुवटी ते माथा म्हणजे वीसेक सेंटीमीटर, त्यात एकाच मॉडेलची तीन मापं आरामात बसतात. त्यांपैकी कोणतं, हे उंची सांगूच शकत नाही. पूर्वी तर हात वर करून मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब स्की घ्यायचे, दोन मीटर आणि वर. १९९३ साली स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स ही खोल कमरेची स्की आणली, मग इतरांनीही तोच रस्ता धरला आणि लांबी भराभर उतरली. म्हणजे उंचीचा नियम मुळात स्कीच्या आकारावर अवलंबून. आकार बदलला की नियम बदलतो, आणि ऑल-माउंटन स्कीत तर प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा.

त्यात रॉकर. जुनी स्की जमिनीवर ठेवली की मध्ये उचललेली असायची, टोकाशी आणि शेपटाशी टेकायची. हा कॅम्बर. आताच्या ऑल-माउंटन स्कीत पायाखाली कॅम्बर आणि टोक आधीपासूनच वर उचललेलं, बऱ्याचदा शेपूटही थोडं उचललेलं असतं. हा उचललेला भाग म्हणजे रॉकर. मऊ बर्फात टोक वर तरंगतं आणि वळण सुरू करायला सोपं जातं, पण कडक बर्फावर तेवढी कड हवेतच राहते. १७२ ची रॉकरवाली स्की कठीण उतारावर त्याहून बरीच आखूड वाटते ती त्यामुळे. शिवाय लांबी मोजायची पद्धतही सगळ्यांची एक नाही. कुणी टोकापासून शेपटापर्यंत सरळ मोजतं, कुणी वाकाचं अंतरही धरतं. दोन कंपन्यांच्या ‘१७०’ शेजारी उभ्या करून बघा, एक-दोन सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. दोन जोड्यांचे तळ एकमेकांवर टेकवून हाताने दाबून बघायची मला सवय आहे. कड कुठून कुठपर्यंत टेकते ते डोळ्यांना दिसतं, छापील लांबीपेक्षा ते खरं.

आता चालवलेल्या जोड्यांकडे.

नॉर्डिका एन्फोर्सर ९४. कंबर ९४ मिमी, लाकडी गाभ्याच्या वर-खाली टायटानलचे दोन पत्रे. टायटानल म्हणजे ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू. तो स्कीला नुसता ताठपणा देत नाही, कंप शोषून घेतो. सकाळच्या कडक, यंत्राने विंचरलेल्या उतारावर मी १६५ ची घेऊन निघालो तेव्हा पायाखाली अजिबात खडखड नव्हती. मोठी, सलग वळणं, वेग बरा, कड सुटायचं नाव नाही. असं दहा मिनिटं चालतं तेव्हा वाटतं, हीच घ्यावी. मग मोगल्स आले. इथे वेग नसतो, त्यामुळे जोरही नसतो, आणि मला दर दोन मीटरला दिशा बदलायची असते. स्की वाकत नव्हती, मी तिला उचलून फिरवत होतो. तिसऱ्या उताराला मांड्या बोलायला लागल्या. मित्राने त्याच दिवशी १८६ ची चालवली आणि त्याचं म्हणणं, ‘किती खेळकर आहे रे!’ खेळकरच आहे, ९२ किलोंसाठी.

फ्योल्कल मांत्रा एम६ त्याहून एक पायरी पुढची. कंबर ९६, टायटानल पूर्ण पत्र्याऐवजी चौकटीसारखा कडेने फिरवलेला. त्रिज्याही एकच नाही. टोकाला आणि शेपटाला मोठी, मध्ये लहान, म्हणजे कमी झुकलात तर लांब वळण आणि पायाखाली जोर दिलात तर आखूड. कल्पना छान आहे आणि मित्राच्या पायाखाली ती चालतानाही दिसते. मागून बघताना हेवा वाटावा अशा दोन बारीक रेघा तो १८४ वर ओढत जातो. त्याने तीच विकत घेतली आणि त्याची निवड शंभर टक्के बरोबर आहे. मला त्या मधल्या लहान त्रिज्येपर्यंत पोचायला जो वेग लागतो तो झाडांमध्ये ठेवणं शहाणपणाचं नाही.

हलक्या माणसाने ताठ स्की मागितली की दुकानदार नेहमी एकच उपाय सुचवतात: ‘मग एक माप लहान घ्या.’ इथे माझा ठाम विरोध आहे. सारख्या जाडीची पट्टी आखूड केली की ती वाकवायला आणखी अवघड होते, सोपी नव्हे. मोठ्या मापाची स्की नुसती कापून लहान केली तर हाती येते ती आखूड आणि तरीही ताठ स्की: मऊ बर्फात तरंगायला क्षेत्रफळ कमी, घसरड्या उतारावर धरायला कड कमी, आणि वाकायची तयारी नाहीच. फिरवायला हलकी होते हा एकच फायदा. त्यापेक्षा मऊ स्की घ्यावी आणि ती पुरेशा लांबीची घ्यावी. कंपन्यांनाही हे कळतं, निदान काहींना. ब्लिझार्डने ट्रूब्लेंड गाभा आणला, त्यात जड आणि हलक्या लाकडाच्या पट्ट्यांची मांडणी प्रत्येक लांबीला वेगळी केली. एम६ मध्येही टायटानलची चौकट लांबीप्रमाणे बदलते. म्हणून मॉडेल बघताना मी आता पहिली चौकशी हीच करतो: लहान मापात फक्त लांबी कमी केली आहे, की आतली बांधणीही?

रोसिन्योल एक्स्पीरियन्स ८६ बेसाल्ट या परीक्षेत चांगली उतरते. धातूच्या पूर्ण पत्र्याऐवजी बेसाल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे, तंतू वापरलेले आहेत. १६७ ची दिवसभर चालवली. कंबर ८६ असल्यामुळे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणं झटपट होतं आणि माझ्या वजनाला ती प्रामाणिकपणे वाकते. ज्यांचा बहुतेक दिवस विंचरलेल्या उतारावर जातो आणि अधूनमधून बाजूच्या बर्फात डोकावावंसं वाटतं त्यांना मी डोळे झाकून हीच सुचवीन. मला शेपूट किंचित आणखी सुटं हवं होतं. रुंद, सपाट शेपूट वळण शेवटपर्यंत धरून ठेवतं. कड लावून कोरीव वळणं घेणाऱ्याला ते हवंहवंसं वाटतं, माझ्यासारख्या मध्येच बेत बदलणाऱ्याला नाही.

एलान रिपस्टिक ९६ची गंमत म्हणजे तिला डावी-उजवी आहे. आतल्या कडेला कॅम्बर जास्त, बाहेरच्या कडेला रॉकर जास्त. जोडी अदलाबदल करून घातलीत तर अर्थ उलटा होतो, म्हणून वर खुणा केलेल्या असतात. ताज्या, घोट्यापर्यंतच्या बर्फात १६४ वर मी जितका हसलो तितका कुठल्याच जोडीवर हसलो नाही. हलकी, चपळ, जिकडे नजर तिकडे स्की. मित्राने १८८ ची घेतली आणि दुपारी, सगळ्यांनी उकरून ठेवलेल्या ढेकळाढेकळांच्या बर्फात तोंड वाकडं करून आला. हलक्या स्कीचं हे कुठल्याही कंपनीचं असलं तरी सुटत नाही. वस्तुमान कमी असलं की ढेकळं तिला ढकलतात. त्याच्या वेगात ते जास्त लागतं, माझ्या वेगात चालून जातं.

आणि मग ब्लॅक पर्ल ८८.

ही ब्लिझार्डची बायकांसाठीची स्की. पुरुषांसाठीच्या ब्राह्मा ८८ ची बहीण म्हणा, कंबर तीच, धातू कमी, गाभा मऊ. मी १६५ ची मागितली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अदबीने सांगितलं, ‘सर, ती लेडीज आहे.’ मी म्हटलं, माहीत आहे, मीही ५९ किलो आहे. स्कीला कोण उभं आहे ते कळत नाही, किती वजन उभं आहे ते कळतं. कंपन्यांच्या बायकांसाठीच्या जोड्यांत काही फक्त वेगळ्या रंगाच्या असतात. त्यांच्याविषयी बोलायचं कारण नाही. पण काहींमध्ये बांधणी खरोखर वेगळी असते. नॉर्डिकाच्या सांता आना ९३ मध्ये एन्फोर्सरच्या दोन पत्र्यांच्या जागी टायटानलचा एकच पत्रा आहे. साठ किलोच्या पुरुषासाठी बाजारात सर्वांत चांगला विचार केलेल्या स्की दुकानातल्या बायकांच्या विभागात उभ्या आहेत आणि तो तिकडे फिरकतच नाही. तसंच पंचाहत्तर किलोच्या, जोरात उतरणाऱ्या बाईला उगाच मऊ स्की गळ्यात मारली जाते. तिने सरळ ब्राह्मा किंवा एन्फोर्सर मागावी.

ब्लॅक पर्ल मी १५९ आणि १६५ अशा दोन्ही लांबीत चालवली. मोगल्समध्ये १५९ म्हणजे चंगळ. पण उभ्या, कडक उतारावर टोकाकडून हवा तेवढा आधार मिळेना, आणि बर्फ खोल झाल्यावर मागे झुकावंसं वाटू लागलं, ही वाईट खूण. १६५ म्हणजे अगदी डोक्याच्या माथ्याशी. नियमाने माझ्यासाठी लांबच. पण टोक रॉकरचं आणि अंग मऊ, त्यामुळे ती कुठेही ओझं झाली नाही. हळू वेगातही वाकते, वळण मनासारखं आखूड होतं, शेपूट सांगितल्यावर सोडतं. कडक बर्फावर एन्फोर्सरची ती गाढ शांतता इथे नाही, पाय थोडे जास्त जागे ठेवावे लागतात. मला चालतं. मी १६५ घेतली.

‘८८ कमरेने खोल बर्फात काय होणार?’ हे मित्राचं पालुपद. त्याला मी ढोबळ हिशेब करून दाखवला. १६५ सेंमी लांबी आणि ८.८ सेंमी कंबर यांच्या गुणाकाराला माझ्या वजनाने भागलं तर किलोमागे साधारण २४.६ चौरस सेंटीमीटर येतात. त्याच्या १८४ सेंमीच्या स्कीवर ९२ किलोंना तेवढंच क्षेत्रफळ द्यायचं तर कंबर १२३ मिमी लागेल, म्हणजे निव्वळ पावडरची, ताज्या भुसभुशीत बर्फाची, स्की. त्याची मांत्रा ९६ ची आहे, तेव्हा कोण बुडणार? टोकाचा आकार, रॉकर, वेग यांनी खरं चित्र बदलतं हे मान्य, पण रुंदीचा सल्ला वजनाशिवाय देता येत नाही एवढं त्या आकड्यांतून नक्की कळतं. हलक्या माणसाने उगाच १०० च्या पुढे जाऊ नये, असं माझं मत. कडक बर्फावर स्की कडेवर धरताना जोर कडेपाशी लागतो, आणि कड पायाच्या मध्यरेषेपासून निम्म्या कमरेइतकी दूर असते. कंबर वाढली की ते अंतर वाढतं आणि स्की पुन्हा सपाट व्हायला बघते. तिला धरून ठेवायचं काम घोटा आणि गुडघा करतात. संध्याकाळी ते हिशेब मागतात.

स्वतःची शैली कोणती हे ठरवताना माणसं फार सढळ असतात. दुकानातल्या फॉर्मवर सगळेच ‘आक्रमक’. लिफ्टवरून जाताना तुम्ही नुकत्या सोडलेल्या खुणा बघा. दोन बारीक, स्वच्छ रेघा असतील तर तुम्ही कडेवर वळता, मग कड धरणारी, शेपूट भक्कम असलेली, थोडी ताठ स्की तुमची. पंख्यासारखा पुसलेला पट्टा असेल तर तुम्ही घसरून वळता. त्यात काहीही कमीपणा नाही, झाडांमध्ये सगळे तसंच वळतात. पण मग टायटानलचे दोन पत्रे तुमच्यासाठी नाहीत. दुसरी खूण नडगीची. दिवसाअखेरीस नडगी बुटाच्या जिभेला दाबून हुळहुळलेली असेल तर तुम्ही टोक दाबून चालवता, पोटऱ्याच दुखत असतील तर मागे बसता. मागे बसणाऱ्याला लांब, ताठ शेपटाची स्की सोसत नाही. नुकतं शिकणाऱ्यांना यातलं काही नको. ७५ ते ८५ कंबर, मऊ, हनुवटी-नाकापर्यंत लांबी, पुरे. आणि स्कीच्या आधी नीट बसणारे बूट, याबद्दल वाद घालायला मी तयार नाही.

भाड्याची जोडी चालवून मत बनवणार असाल तर आधी कड तपासा. नखाची पाठ कडेवरून हलकेच आडवी ओढा. नखाचा बारीक भुगा निघाला तर कड जिवंत आहे. नाही निघाला तर परत द्या, धार लावून मागा. बोथट कडेवर जगातली सर्वोत्तम स्कीही निसरडी वाटेल आणि तुम्ही तिला नावं ठेवत घरी याल.

बाइंडिंगकडे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीकडे, हलक्या माणसाने जास्त लक्ष द्यायला हवं. बूट किती जोराला सुटावा तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो. आयएसओ ११०८८ मध्ये त्याचा तक्ता आहे. माझा आकडा लहान येतो. तगडी दिसतात म्हणून मोठ्या आकड्यांच्या पट्टीची बाइंडिंग घेतली तर तो पट्टीच्या अगदी तळाशी जाऊन बसतो. आपला आकडा पट्टीच्या साधारण मध्यावर येईल अशी बाइंडिंग निवडा, आणि फॉर्मवर ‘आक्रमक’ लिहून तो फुगवू नका, कारण पडल्यावर बूट सुटला नाही तर गुडघा सुटतो. स्क्रू स्वतः फिरवायचा नाही. तंत्रज्ञाकडून यंत्रावर तपासून घ्यायचं, बुटाच्या तळाचा प्रकार सांगून, कारण ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा व्हावा म्हणून वळवलेला, तळ प्रत्येक बाइंडिंगला चालत नाही.

ब्लॅक पर्लवर बाइंडिंग मी कंपनीने आखलेल्या खुणेवरच बसवली. पुढे घेतली तर स्की जास्त चटकन फिरते, पण टोक आखूड होतं, आणि मी १६५ घेतली ती टोकासाठीच. ब्रेक, म्हणजे सुटलेल्या स्कीला बर्फात अडवणारे बाइंडिंगचे दोन काटे, ९० मिमीचा. ८८ कमरेला तो नीट बसतो. दुकानात आधी ११० चाच शिल्लक आहे म्हणत होते, पण कडेवर झुकल्यावर इतका बाहेर आलेला ब्रेक बर्फात घासतो, म्हणून ९० चा येईपर्यंत जोडी तिथेच ठेवून आलो.